पाहुण्यांची प्रोफाइल

धक्के ताई द्यायच्या. घ्यायची त्यांना सवय नव्हती. चौतीस प्रोग्रामरांच्या त्या ऑफिसात सकाळी कोणाच्या स्क्रीनवर लाल पट्टी दिसली की समजावं, काल जाता जाता ताईंनी काहीतरी बंद केलंय. मग तो प्रोग्रामर, कितीही दांडगा असो, पाय ओढत त्यांच्या टेबलापाशी यायचा आणि ताई चष्म्यावरून बघत एवढंच विचारायच्या, "नियम वाचला होतास का?" वाचलेला नसायचाच.

आता प्रोफाइल म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. प्रोग्रामर मंडळी ज्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहितात, त्यात प्रत्येकाची आपली मांडणी असते. अक्षर केवढं, रंग कोणते, कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, चूक झाली की इशारा कुठे दिसावा, फाइल सेव्ह करताना ओळी कशा लागाव्यात. या सगळ्याचं एक गाठोडं बांधून त्याला नाव दिलं की झाली प्रोफाइल. तेच गाठोडं सगळ्या टीमने मिळून वापरलं, तर एका जागी केलेला बदल सगळ्यांकडे आपोआप जातो. सोय मोठी, आणि भानगडीही तेवढ्याच. त्या भानगडी निस्तरायचं काम ताईंचं.

हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं, त्यांनी ते ओढवून घेतलं होतं. ताई तिथे आल्या टायपिस्ट म्हणून. यंत्रांच्या माहितीपुस्तिका टाइप करायच्या. कॉम्प्युटर त्यांना शिकवला मास्तरांनी. मास्तर म्हणजे तिथलेच प्रोग्रामर. नव्या माणसाला शेजारी बसवून शिकवायची भारी हौस, म्हणून मास्तर. कॉम्प्युटर शिकवता शिकवता त्यांनी एक दिवस लग्नाचंही विचारलं, तर ताई म्हणाल्या, "आधी हा धडा पुरा करा," आणि तीन दिवस उत्तरच दिलं नाही. त्याला चोवीस वर्षं झाली. ऑफिसात त्या ताई, ते मास्तर, आणि कोणी मध्येच "तुमचे मिस्टर" म्हटलं की दोघंही लाजायची.

पुढे टायपिंगचं काम आटलं. ताईंची खुर्ची हलू लागली होती, तेवढ्यात ते ओळींचं भांडण निघालं. दोन प्रोग्रामर एकाच फाइलवर काम करत. एकाचं सॉफ्टवेअर ओळींच्या आधीची मोकळी जागा एका पद्धतीने लावायचं, दुसऱ्याचं दुसऱ्या. सकाळी याने फाइल उघडली की तीन हजार ओळी बदलायच्या, दुपारी त्याने उघडली की त्याच तीन हजार परत पहिल्यासारख्या. काम शून्य, आणि दोघांचं बोलणं बंद. ताई म्हणाल्या, "एका घरात दोन चुली मांडल्यात, भांडी आपटणारच." त्यांनी सगळ्यांकडे जाऊन प्रत्येकाची मांडणी वहीत उतरवून घेतली, भांडून, समजावून, दटावून तिच्यातून टीमच्या सामाईक प्रोफाइल्स केल्या, ज्याची त्याची वेगळी मांडणी बंद केली आणि दोन नियम घातले. एक, का बदललं याची एक ओळ लिहिल्याशिवाय प्रोफाइलमध्ये बदल करायचा नाही. दोन, ताईंनी मंजूर केल्याशिवाय तो बदल कोणाकडे जाणार नाही. ताई ओळ न् ओळ वाचायच्या. स्वल्पविरामाची सुद्धा चौकशी करायच्या.

एका प्रोफाइलला तेवढी सूट होती. तिचं नाव 'पाहुणे'. बाहेरची माणसं काम बघायला आली की बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवरच्या पडद्यावर कोड दाखवायचा, त्यासाठी ताईंनीच ती केली होती, मोठ्या अक्षरांची. तिच्यातले बदल ताई न वाचता मंजूर करायच्या. भिंतीवरच्या अक्षरांत काय वाचायचंय, असं त्यांचं म्हणणं.

मंगळवारी साहेबांनी फर्मान काढलं. साहेब नवे, दीड वर्षापूर्वी आलेले, बोलायला लोण्यासारखे. म्हणाले, "ताई, एकोणीस प्रोफाइल्स म्हणजे पसारा झाला. न लागणाऱ्या काढून टाका. ज्या ठेवाल, त्या कोण वापरतं आणि का, ते लिहून गुरुवारी पाचपर्यंत मला द्या." ताईंना साहेब आवडत नसत, पण पसारा त्याहून आवडत नसे. त्या कामाला लागल्या.

साहेब न आवडायला कारण होतं. गेल्या वर्षी आजारातून उठलेल्या एका जुन्या प्रोग्रामरला त्यांनी गोड बोलून विश्रांती दिली. फुलं दिली, फोटो काढला, आणि सोमवारी त्याच्या खुर्चीवर दुसराच कोणी. त्या दिवशी मास्तर घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, "मला त्या खुर्चीवरून उठवलं ना, तर मी संपलो. अजून सहा वर्षं मला तिथून हलायचं नाहीये." ताई म्हणाल्या, "तुम्हाला कोण उठवायला बसलंय?" आणि विषय संपवला.

बुधवारी संध्याकाळी निघताना ताईंनी आठ प्रोफाइल्स काढल्या. सातांवर वापरणारे शून्य होते. 'पाहुणे'वर एक दिसत होता. तो भिंतीवरचा पडदा असणार, असं ताईंनी धरलं. तीन वर्षांत पाहुणा म्हणून एक माणूस फिरकला नव्हता. नाव उघडून बघायला एक बटण दाबावं लागतं. ते त्यांनी दाबलं नाही. काढलेली प्रोफाइल दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत टोपलीत राहते, तोवर परत आणता येते. पाचनंतर ब्रह्मदेव आला तरी नाही.

गुरुवारी सकाळी साडेनऊला डेटाबेसवाला आला. सहा फूट माणूस, पण ताईंपुढे खांदे पाडून उभा.

"ताई, पाहुण्यांची प्रोफाइल गेली का हो?"

"गेली."

"आणि पाहुणे आले तर?"

"तीन वर्षांत कोण आलंय?"

"म्हणून तर आता येतील ना. पाहुणे काय सांगून येतात का?"

ताईंनी त्याला नजरेनेच परत पाठवला. दहाला नेटवर्कवाला आला. त्याला म्हणे त्या प्रोफाइलचे रंग फार आवडायचे, डोळ्यांना गार वाटायचं. हा माणूस वर्षभर एकच शर्ट घालून येतो आणि त्याला रंगांचा उमाळा. ताई म्हणाल्या, "रंगाची हौस असेल तर घरी भिंती रंगव." पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली. ही पोरं त्या प्रोफाइलच्या आडोशाने काहीतरी उद्योग करत असणार. आता तर त्या ती मुळीच परत देणार नव्हत्या.

साडेअकराला टेस्टरबाई आल्या. ताईंच्याच वयाच्या, ताईंच्याच अंगाच्या, बोलायला फटकळ. वरच्या मजल्यावर मास्तरांच्या शेजारी बसत. त्या आल्या, आणि फटकळ बाईंनी चक्क विनवणीचा सूर लावला.

"ताई, ती परत आणा. कारण विचारू नका."

"कारणाशिवाय इथे पान हलत नाही, तुला माहीत नाही का?"

"मग कारण वाचा," टेस्टरबाई म्हणाल्या. "आम्ही दर वेळी लिहिलंय. तुमचाच नियम आहे. आता तरी वाचा." आणि निघून गेल्या.

ताईंनी टोपलीतून 'पाहुणे'च्या बदलांची यादी उघडली. त्यांना वाटलं होतं, चार-पाच असतील. एक्केचाळीस होते.

पहिला तीन वर्षांपूर्वीचा. "मोठ्या पडद्यासाठी अक्षर अठरावरून वीस." ठीक. मग बावीस. मग काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं. इथपर्यंत सगळं सोवळ्यातलं होतं. पुढे लिहिणाऱ्यांची भीड चेपत गेलेली दिसत होती. टेस्टरबाईंनी लिहिलं होतं, "चूक झाल्याचा इशारा मध्ये न दाखवता डाव्या कडेला. मध्ये दिसत नाही." डेटाबेसवाल्याने लिहिलं होतं, "ओळ वाचून दाखवायची सोय जोडली. आवाज फक्त हेडफोनमध्ये." नेटवर्कवाल्याने, "लाल रंग काढला, त्यांना तो काळा दिसतो." कोणाला दिसतो? ताईंच्या कपाळाला आठी पडली. खाली एका नव्या मुलीने लिहिलेलं होतं, "कोणाला कळेल का हे, असं लिहिलं तर?" आणि तिला दुसऱ्याने पुढच्या बदलात उत्तर दिलं होतं, "ताई ही वाचत नाहीत. बिनधास्त लिही."

त्याच्या खाली: मंजूर, ताई.

ताईंचे कान तापले. त्या खाली खाली जात राहिल्या. आणि सव्विसाव्या बदलाला ते आलं, साध्या सरळ शब्दांत. "मास्तरांना आता मधलं जवळजवळ काहीच दिसत नाही, कडेचं दिसतं. सगळी मांडणी कडेला सरकवली. अक्षर अठ्ठावीस. ताईंना कळू द्यायचं नाही, मास्तरांनी शपथ घातलीय."

मंजूर, ताई.

ताईंनी ते एकदा वाचलं. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचलं. अक्षरं तीच राहिली. समोर कोणीतरी प्रिंटरमध्ये कागद भरत होता, त्याचा आवाज त्यांना फार लांबून येत असल्यासारखा वाटला.

चोवीस वर्षं. ताटाशेजारी ताट. आणि आता एकेक गोष्ट आठवून त्यांच्या अंगावर येऊ लागली. दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी स्कूटर विकली, म्हणाले, चालणं बरं, पोट सुटलंय. ताईंनी शेजारणीला अभिमानाने सांगितलं होतं. रोज सकाळी ते म्हणायचे, "पेपर तू वाच, तुझ्या आवाजात बातम्या बऱ्या वाटतात," आणि ताई वाचायच्या, मनातून सुखावायच्या, या वयात संसाराला गोडी आली म्हणून. बोलताना ते हल्ली त्यांच्या तोंडाकडे न बघता कानाच्या बाजूला कुठेतरी बघायचे. त्यावरून ताईंनी किती वेळा ऐकवलं होतं, "माणसाशी बोलताना तोंडाकडे बघावं, एवढी रीत नाही तुम्हाला?" ते आठवलं आणि ताईंना आपल्या जिभेची लाज वाटली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. डेटाबेसवाल्याला माहीत, नेटवर्कवाल्याला माहीत, काल आलेल्या पोरीला माहीत. सगळ्या ऑफिसाने मिळून तीन वर्षं त्यांच्या नवऱ्याला सांभाळलं होतं, आणि ताकास तूर लागू दिली नव्हती. आणि त्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचीच मोहोर होती.

मग घड्याळाकडे लक्ष गेलं. बारा वाजत आले होते. म्हणजे हा माणूस सकाळी नऊपासून बारीक अक्षरांच्या स्क्रीनपुढे बसून आहे. तीन तास. एक मजला खाली दोन मिनिटांत सगळं परत देणारी त्याची बायको बसलीये, आणि तो आला नाही. सगळ्यांना पाठवलं, स्वतः आला नाही. आता ताईंना राग आला, आणि तो रागच त्यांना जिना चढवून घेऊन गेला.

मास्तरांची जागा वरच्या खोलीत टोकाला, पाठ भिंतीला. ताई खिडकीच्या बाजूने आल्या आणि दोन हात अंतरावर उभ्या राहिल्या. मास्तरांनी हेडफोन काढून ठेवले होते. स्क्रीनवर मुंगीएवढी अक्षरं. हात कीबोर्डवर होते, पण टाइप काहीच होत नव्हतं. चाहूल लागली तसं त्यांनी तोंड वळवलं, त्या नेहमीच्या तिरप्या नजरेने. ताई बोलणार, तेवढ्यात तेच बोलले.

"काय बाई, देतेय का ती?"

ते त्यांना टेस्टरबाई समजून बोलत होते.

"नाही ना? मला वाटलंच. नियमाची पक्की आहे ती." ते जरा हसले, कौतुकानेच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही म्हणता सांगून टाका. सांगितलं तर काय होईल माहितीये? रडेल, भांडेल, आणि उद्यापासून मला घरी बसवेल. साहेबांच्या आधी तीच बसवेल. आणि मायेनेच बसवेल हो. साहेबांशी भांडता येतं, मायेशी कसं भांडायचं?"

ताई उभ्या होत्या. त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, मी आहे. पण त्याच वेळी त्यांना हेही कळत होतं की तो बोलतोय त्यात एक अक्षर खोटं नाही. मघाशी यादी वाचताना त्यांच्या मनात पहिला विचार काय आला होता? उद्याच राजीनामा द्यायला लावते. हाच आला होता.

त्या पाय न वाजवता मागे सरल्या. दारात खऱ्या टेस्टरबाई डबा हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं. ताईंनी त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली आणि खाली आल्या.

'पाहुणे' परत आणायला चाळीस सेकंद लागली. वर मास्तरांच्या स्क्रीनवर ती गेली असणार, कारण थोड्याच वेळात डेटाबेसवाला जिन्यावरून उगाचच शीळ घालत उतरला. राहिला साहेबांचा तक्ता. ठेवलेली प्रोफाइल कोण वापरतं, आणि का. ताई त्या दोन रकान्यांपुढे साडेचारपर्यंत बसून होत्या. रिकामं ठेवलं तर साहेब स्वतः उघडून बघतील आणि नाव सापडेल. भिंतीवरचा पडदा लिहिला तर म्हणतील, पाहुणे कुठे येतात, काढा. मास्तरांचं नाव लिहिलं तर फुलं, फोटो आणि सोमवार. तीन वर्षं इतक्या लोकांनी जे झाकलं, ते उघडं पडायला त्यांच्या हातची एक ओळ पुरे होती.

त्यांनी पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्यात लिहिलं, दृष्टी कमी झाली आहे, मोठं अक्षर लागतं.

साहेबांनी तक्ता वाचला आणि वर बघितलं. "अरेरे. ताई, कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"आणि बोलला नाहीत? तुमचं काम म्हणजे सगळं बारीक वाचायचं." ते फार मऊ आवाजात म्हणाले, "असू दे. बघू पुढे काय करायचं ते." ताईंना तो मऊपणा चांगला ओळखता येत होता. आपली खुर्ची आता हलायला लागली, हे त्यांना तिथेच समजलं. भीती वाटली, नाही असं नाही. पण हात मागे घ्यावासा वाटला नाही.

संध्याकाळी त्या पुढे निघून आल्या. चहा टाकला, गाळला, दोन कप टेबलावर ठेवले. मास्तर अर्ध्या तासाने आले आणि बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"साहेब भेटले जिन्यात."

"बरं मग?"

"म्हणाले, ताईंची काळजी घ्या. डोळे अधू झालेत म्हणे तुझे. मोठं अक्षर लागतं म्हणे." त्यांनी चाचपडत खुर्ची ओढली आणि बसले. "खरं आहे?"

ताईंनी चहावरची साय चमच्याने बाजूला केली.

"कधीपासून? डॉक्टरला दाखवलंस? कोणाबरोबर गेलीस?" ताईंनी मास्तरांना इतकं हादरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "एका छपराखाली राहतो आपण. एवढी मोठी गोष्ट, आणि ती मला साहेबांनी सांगावी? तुला मला सांगावंसं वाटलं नाही? मी तुझा कोण आहे गं?"

दुपारपासून ताईंना हेच विचारायचं होतं, शब्दाला शब्द हेच. त्यांनी चहाचा कप त्यांच्या हाताला लागेल असा पुढे सरकवला आणि समोर बसल्या.

"सांगितलं असतं, तर तुम्ही मला घरी बसवलं असतंत," त्या म्हणाल्या. "आणि मायेनेच बसवलं असतंत."

मास्तरांचा कपाकडे गेलेला हात वाटेतच थांबला. मग ते हळूच म्हणाले, "दुपारी आल्या होत्या, त्या टेस्टरबाई नव्हत्या."

"नव्हत्या."

त्यांनी मान थोडी बाजूला वळवली, डोळ्यांच्या कडेने ताईंकडे बघण्यासाठी. ताई हलल्या नाहीत. जशा बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या, त्यांना दिसेल तेवढं दिसावं म्हणून.

"अठ्ठावीस आता पुरत नाही," मास्तर म्हणाले. "पोरांना सांगायचा धीर झाला नाही. उद्या बत्तीस कर."